सोलापुरी जेवणाबरोबर रिसलिंग कशी चाखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील सहा मित्र महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जेवायला जमतात. त्यांच्यापैकी एकाने जर्मनीहून येताना रिसलिंगच्या, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनच्या, दोन बाटल्या आणल्या. जोडीला आपल्याकडच्या दोन-तीन वाइन ठेवल्या आणि जेवणाला तिखट मटण, शेंगाचटणी आणि कडक भाकरी असा बेत केला. एक रिसलिंग बहुतेकांना सरबतासारखी गोड लागली, दुसरीने दात आंबले, आणि चटणीच्या घासावर रेड वाइन घेतली तेव्हा तोंडाची आग झाली. पुढच्या वेळी या वाइन नीट समजाव्यात यासाठी काय करावे, आणि आपल्या तिखट जेवणाशी रिसलिंगचे खरोखर जमते का, असे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे द्राक्षबागा आणि वाइनचे चवपरीक्षण या कामात घालवली असून आता सोलापुरातच राहतो. तुमचे वर्णन वाचून मला वाटते की त्या तिन्ही वाइन चांगल्याच असाव्यात. त्या कोणत्या घासाबरोबर आणि कोणत्या क्रमाने घेतल्या गेल्या, तिथे गडबड झाली. रिसलिंगचे आपल्या जेवणाशी जमते, आणि माझ्या अनुभवात इतर कोणत्याही पांढऱ्या वाइनपेक्षा अधिक चांगले जमते. मात्र त्यासाठी ती गोड आहे की नाही एवढाच प्रश्न विचारणे थांबवावे लागते. रिसलिंगमध्ये गोडी आणि आंबटपणा एकमेकांना तोलून धरतात, आणि तो तोल जिभेला ओळखता आला की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात.

हा तोल समजण्यासाठी बाटली उघडण्यापूर्वी लिंबाच्या सरबताचा एक प्रयोग करावा. तीन पेल्यांत सारखेच पाणी आणि सारखाच लिंबाचा रस घ्यावा. पहिल्यात साखर घालू नये, दुसऱ्यात एक चमचा घालावी आणि तिसऱ्यात तीन चमचे. तिन्हींतले आम्ल अगदी सारखे असूनही तिसरा पेला कमी आंबट लागतो. परंतु घोट गिळल्यानंतर गालांच्या आतून पाणी सुटते ते तिन्ही वेळा जवळपास सारखेच असते. आम्ल मोजायचे ते या सुटणाऱ्या पाण्यावरून, आणि गोडी ओळखायची ती घोट तोंडात आल्याबरोबर जिभेवर जे लागते त्यावरून. ज्या मित्रांना तुमची पहिली रिसलिंग सरबतासारखी वाटली, त्यांनी बहुधा फक्त पहिल्या क्षणाची नोंद घेतली आणि नंतर सुटलेल्या पाण्याकडे लक्ष दिले नाही. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या, ‘काबिनेट’ लिहिलेल्या हलक्या रिसलिंगमध्ये लीटरला 40 ग्रॅमच्या आसपास साखर असणे सामान्य आहे. बाजारातल्या कोला पेयांत ती लीटरला शंभर ग्रॅमच्या वर असते, आणि तरीही रिसलिंगचा घोट संपल्यावर तोंड चिकट होत नाही, कारण तिच्यातले आम्ल तोंड धुऊन काढते.

बाटलीत काय आहे हे उघडण्यापूर्वी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण पाहावे. द्राक्षरसातली लीटरला साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणून साडेआठ टक्के लिहिलेल्या रिसलिंगमध्ये आंबवण मध्येच थांबवून बरीच साखर शिल्लक ठेवलेली आहे असे समजावे, आणि बारा-साडेबारा टक्के लिहिले असेल तर बहुतेक सगळी साखर आंबून गेलेली आहे. जर्मन लेबलवर ‘ट्रोकन’ हा शब्द असला की ती कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली वाइन. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ हे शब्द मात्र वाइनच्या गोडीचे माप नाहीत; द्राक्षे तोडताना रसात किती साखर होती याची ती चढती पायरी आहे. त्यामुळे श्पेटलेझे ट्रोकन अशी कोरडी वाइनही मिळते, आणि ती पाहून लोक गोंधळतात. श्पेटलेझे म्हणजे उशिराची तोडणी. ऱ्हाइन काठच्या योहानिसबर्ग येथे 1775 साली तोडणीची परवानगी घेऊन येणारा स्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षांना बुरशी लागली होती, आणि त्याच द्राक्षांची वाइन अपूर्व झाली, अशी कथा तिकडे सांगतात. तुमच्या मित्राने आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक काबिनेट आणि दुसरी ट्रोकन असावी, असा माझा अंदाज आहे.

या द्राक्षाचे मूळ जर्मनीतच आहे. 1435 सालच्या एका जर्मन सरदाराच्या तळघराच्या हिशेबात रिसलिंगच्या वेलींच्या खरेदीची नोंद सापडते. मोझेल नदीच्या काठचे उतार काही ठिकाणी 60 अंशांहून अधिक उभे आहेत, आणि जमीन पाटीच्या दगडाची आहे. दिवसा हा काळा दगड तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो, म्हणून इतक्या थंड प्रदेशातही द्राक्ष पिकते. परंतु हळूहळू पिकते, आणि आम्ल टिकवून पिकते. आपल्याकडे याच्या उलट अडचण आहे. नान्नजच्या सोनाका द्राक्षाची बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की गोडी येण्याची चिंता इथे नसते. ऊन वाढले की आम्ल मात्र झपाट्याने उतरते. म्हणूनच महाराष्ट्रात एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वाइनच्या द्राक्षांचे पिकणे जानेवारी ते मार्चच्या थंड रात्रींच्या आसपास आणतात. नाशिकला सुलाने रिसलिंग केलेली आहे. मोझेलची वाइन आणि ती शेजारी ठेवून चाखली तर आम्लातला फरक पहिल्या घोटाला कळतो, आणि एकाच द्राक्षाचे हवामानामुळे काय होते हे शिकण्यासाठी याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

आता तुमच्या संध्याकाळीकडे वळतो. सहा जणांना पाच बाटल्या पुरेशा आहेत. जेवणापूर्वीच्या फेरीत प्रत्येकाला 40 मिलिलीटर ओतावी, म्हणजे बाटलीतली 240 मिलिलीटर संपते आणि 510 मिलिलीटर जेवणासाठी राहते. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक वाइन आधी नुसती चाखायची आहे, मग घासाबरोबर, आणि मग तोंड पाण्याने धुऊन पुन्हा नुसती. तिसऱ्या वेळी ती वेगळी लागते, आणि तो फरक नोंदवणे हेच या संध्याकाळचे मुख्य काम आहे. घोट थुंकण्यासाठी एक मोठे भांडे ठेवावे. त्यात कमीपणा नाही, व्यवसायातले सगळेच थुंकतात. ज्याला गाडी चालवत घरी जायचे आहे त्याने तर थुंकावेच, आणि जेवणातली वाइनही टाळावी.

क्रम असा असावा: आधी कोरडी रिसलिंग, मग नाशिक किंवा अकलूजची शेनँ ब्लाँ अथवा सोव्हिन्यों ब्लाँ यांपैकी एखादी पांढरी वाइन, मग काबिनेट, मग रेड, आणि शेवटी फार गोड वाइन असेल तर ती. कोरडी पांढरी वाइन गोड वाइननंतर आली की नुसती आंबट आणि पोकळ वाटते. तुमच्या मित्रांचे दात आंबले ते याच कारणाने, असे मला वाटते. काबिनेट आधी घेतली गेली असणार.

ग्लास फार महाग नकोत, पण तोंडाशी निमुळते हवेत, म्हणजे वास आत राहतो. एक तृतीयांशाहून अधिक भरू नयेत. साबणाचा वास राहिलेला ग्लास चांगल्या वाइनचेही नुकसान करतो, म्हणून शेवटचे पाणी दोनदा घ्यावे आणि कोरडे करण्यासाठी कपाटातला, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेला कपडा वापरू नये. वासाबद्दल मी थोडा कडक आहे. आपल्या घरांत संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लागते, कोणाच्या केसांत मोगऱ्याचा गजरा असतो, कोणी अत्तर लावून येतो, आणि स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडते. या सगळ्या गोष्टी मला प्रिय आहेत. पण रिसलिंगचे अर्धे सौंदर्य वासात असल्याने पहिली फेरी फोडणीपूर्वी, गच्चीवर किंवा उघड्या खोलीत उरकावी. तंबाखू, पान आणि बडीशेप शेवटी.

वासाला नाव द्यायचे तर स्वतःच्या घरातले द्यावे. पुस्तकांत गूजबेरी आणि हनीसकल लिहिलेले असते. ते आपण कधी हुंगलेले नसते, आणि मग माणसाला वाटते की आपल्याला वास येतच नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी जेवायला आलेल्या एका स्नेह्यांच्या हातात मी ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीची, काही वर्षे मुरलेली रिसलिंग दिली. ते यंत्रमागाच्या व्यवसायातले, वाइनशी संबंध नसलेले. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, थांबले, पुन्हा नेला, आणि संकोचून म्हणाले, “रागावू नका, पण मला आईच्या स्टोव्हचा वास येतोय. रॉकेलचा.” खोलीतल्या ज्या दोघांनी वाइनवर बरेच वाचले होते त्यांना तो वास सापडला नव्हता. मुरलेल्या रिसलिंगची ही सर्वांत प्रसिद्ध खूण आहे. द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून, भरपूर उन्हामुळे आणि बाटलीतल्या वर्षांमुळे, टीडीएन नावाचे संयुग तयार होते आणि त्याचा वास पेट्रोल-रॉकेलच्या जातीचा असतो. थोडा असला तर तो लिंबाच्या सालीच्या आणि मधाच्या वासाला खोली देतो. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्या वासाला रॉकेलच म्हटले, आणि आजही म्हणतो.

त्याचप्रमाणे मोझेलच्या कोवळ्या वाइनमध्ये ओल्या दगडाचा म्हणतात तो वास, शाळेत ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर येणाऱ्या वासाशी फार जुळतो. दगडातला वास मुळांतून थेट वाइनमध्ये चढतो असे शास्त्र मानत नाही, परंतु नाकाला येणारी आठवण खरी असते आणि ती लिहून ठेवावी. ओल्या गोणपाटाचा, कुबट वास आला तर मात्र तो बुचाचा दोष समजावा. तो हवा लागूनही जात नाही, उलट वाढतो. ओढलेल्या काडीचा वास आला तर ग्लास हलवून दहा मिनिटे थांबावे, तो बहुधा निघून जातो.

रेड वाइनच्या बाबतीत तर आपली भाषा आधीच तयार आहे. टॅनिन म्हणजे काय हे समजावताना अनेक ठिकाणी शिक्षकांना धडपडावे लागते, कारण त्यांच्या श्रोत्यांकडे आंबट आणि कडू यांच्यापलीकडे शब्द नसतो. आपल्याकडे तुरट हा सहा रसांपैकी एक आहे. जांभूळ, कच्चे केळे, सुपारी खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तेच टॅनिन.

आता जेवण. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेच्या उष्णता ओळखणाऱ्या तंतूंना जागे करते, आणि अल्कोहोल त्याच तंतूंना अधिक हळवे करते. म्हणून चौदा टक्क्यांची शिराझसारखी रेड वाइन चटणीवर घेतली की आग भडकते. तुरटपणा त्यात खरखरीत भर घालतो. काबिनेटमध्ये अल्कोहोल आठ-नऊ टक्के, टॅनिन जवळजवळ नाही, गोडी आग शमवते आणि आम्ल पुढच्या घासासाठी तोंड मोकळे करते. शेंगाचटणीबरोबर तिची परीक्षा पाहावी, आणि ती अशी: कडक भाकरीचा तुकडा मोडावा, त्यावर चटणी आणि थोडे दही घ्यावे, घास पूर्ण चावून गिळावा, दोन-तीन सेकंद थांबून तिखट चढू द्यावे, आणि मग घोट घेऊन तो जिभेवर फिरवावा. कुटलेल्या शेंगदाण्याचे तेल जिभेवर बसलेले असते. आम्ल ते उचलते, आणि मागे भाजलेल्या दाण्याची गोडी आणि लसूण एवढेच उरते. नुसती चाखताना जी वाइन सरबत वाटली होती ती आता कोरडी लागते, कारण तिची गोडी तिखटाने झाकली. दुसऱ्या घासाला दही वगळून पाहावे आणि काय बदलते ते लिहावे. माझ्या मते दह्यासकटच ती अधिक खुलते.

कोरड्या रिसलिंगला तिखट देऊ नये. तिच्यासाठी उजनीची चिलापी आणावी, मीठ, हळद आणि अगदी थोडे तिखट लावून रव्यात तळावी, आणि ताटात लिंबाची फोड ठेवू नये. लिंबाचे काम वाइनला करू द्यावे. मासे न खाणाऱ्यांसाठी कांदाभजी किंवा तळलेली भेंडी चालते, कारण तळणाच्या तेलाला आम्ल हवेच असते. शेनँ ब्लाँ सोबत इडली-चटणीही छान लागते. ओल्या नारळाच्या सौम्य चटणीची, म्हणजे.

रेडसाठी अकलूजला विसरू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाऊ असा आहे, आणि इटलीतले सेक्की, दिल्लीचे सेखरी व अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावंडांनी मिळून हा उद्योग उभा केला. इटलीच्या तोस्काना प्रांतातले सांजोव्हेजे हे द्राक्ष तिथे आपल्या उन्हात वाढते. त्यात आम्ल चांगले असते, म्हणून मटणाशी ते जमते. फक्त मटण सुके, काळ्या मसाल्याचे आणि मिरची हात राखून घातलेले हवे. धने, खोबरे, दगडफूल यांचा भाजका वास तुरट वाइनला आधार देतो, आणि मांसातले प्रथिन व चरबी टॅनिनला मऊ करतात. लाल तर्रीचा रस्सा करायचाच असेल तर तो काबिनेटबरोबर वाढावा. मटणाला रेडच हवी हा नियम मिरची नसलेल्या स्वयंपाकघरांत तयार झाला आहे आणि आपण तो पाळण्याचे कारण नाही.

शेवटी शेंगापोळी वाढण्याचा मोह होईल. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पाणचट आणि आंबट लागते, आणि गुळाच्या पोळीपुढे काबिनेट टिकत नाही. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची खरी गोड वाइन नसेल तर पोळी वाइन संपल्यावर, तुपाबरोबर निवांत खावी. वाइनबरोबर डाळिंबाचे दाणे पुरेत.

सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण इथे सर्वांत जास्त वाइन त्यानेच बिघडते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे लिहिलेले असते. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात रात्री नऊ वाजताही खोली 34-35 अंशांवर असते, आणि त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढते व बाकी काही कळत नाही. रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. रिसलिंग 8 ते 10 अंशांवर द्यावी. बादलीत नुसता बर्फ भरण्यापेक्षा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. पाणी काचेला सगळीकडून भिडते आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. टेबलावर आल्यानंतर ओला करून पिळलेला आपला सोलापुरी टॉवेल बाटलीभोवती गुंडाळावा. वाफ होताना तो गारवा धरून ठेवतो आणि लेबलही झाकले जाते, त्यामुळे कोणती वाइन कोणती हे न सांगता चाखण्याचा खेळही करता येतो.

खरेदीतही हीच काळजी हवी. एकदा मे महिन्यात मी एका दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेली रिसलिंग घाईने घेतली. घरी आणल्यावर बूच किंचित वर आलेले दिसले, रंग गडद सोनेरी झाला होता, आणि वास शिजवलेल्या सफरचंदाचा व करपलेल्या साखरेचा. पाहुण्यांपुढे तीच एक बाटली होती, आणि त्यांच्यापैकी दोघांनी तेव्हापासून रिसलिंग आवडत नाही असे ठरवून टाकले याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून उन्हाळ्यात मी शीतकपाटातलीच बाटली मागतो, आणि बाहेरून येणाऱ्या वाइनची खरेदी शक्यतो डिसेंबर-जानेवारीत करून फ्रीजच्या तळच्या कप्प्यात आडवी ठेवतो. फिरकीचे झाकण पाहून कमी प्रत समजू नये. क्लेअर व्हॅलीतल्या अनेक उत्पादकांनी 2000 सालच्या रिसलिंगपासून बूच सोडून तेच स्वीकारले, कारण बुचाच्या दोषाने त्यांच्या चांगल्या वाइन खराब होत होत्या.

चाखताना प्रत्येकाने कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: वास कशासारखा, घोट तोंडात आल्यावर गोडी किती, पाणी किती सुटले, जीभ ओढली गेली का, आणि गिळल्यानंतर चव किती सेकंद राहिली. पहिली फेरी संपेपर्यंत कोणी मोठ्याने मत सांगू नये, कारण गटात जो आधी आणि ठामपणे बोलतो त्याचाच वास मग सगळ्यांना येऊ लागतो. ज्यांना मद्य नको त्यांनी याच पद्धतीने लिंबाचे सरबत आणि द्राक्षरस घेऊन बसावे. घास आणि आम्ल यांचे नाते त्यातही तितकेच स्पष्ट कळते.

उरलेली वाइन टाकू नये. काबिनेटचे झाकण घट्ट लावून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवली तर आम्ल आणि साखर यांच्या जोरावर ती तीन-चार दिवस चांगली राहते. रेड मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी. मी स्वतः दुसऱ्या दिवशी रात्री उरलेला अर्धा ग्लास घेऊन, कालची कडक भाकरी दुधाऐवजी दही-चटणीत मोडून खातो, आणि आदल्या दिवशीच्या कागदावर खाली नवी ओळ लिहितो.